वाकळीच्या पोटात

परवा घरातली एक जुनी वाकळ फाटली. धुण्याच्या मशीनमध्ये घालू नकोस असं घरातून सांगितलं होतं, तरी मी घातली. दार उघडलं तर ड्रमभर चिंध्या, आणि मध्ये एका कोपऱ्यातून तोंड वासून पडलेली वाकळ. बोलणी खायची ती खाल्ली. मग ती गॅलरीत वाळत घातली आणि दुपारी, कोणी बघत नाही असं पाहून, त्या फाटक्या कोपऱ्यात हात घातला.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या साताऱ्याकडे वाकळच म्हणतात, पुण्यामुंबईला आली की तिची गोधडी होते. ही वाकळ मी लहानपणापासून पांघरत आलो. तिच्या वरच्या अंगावरची नारिंगी फुलं मला तोंडपाठ होती. पण तिच्या आत काय आहे, हा प्रश्न कधी पडला नव्हता. गादीत कापूस असतो, उशीत कापूस असतो, तसंच काहीतरी असेल!

आत कापूस नव्हता. वरचं नारिंगी फुलांचं पॉलिएस्टर बाजूला केल्यावर एक सुती पातळ निघालं, निळ्या बारीक ठिपक्यांचं. त्याखाली पांढरं मांजरपाट, बहुतेक पिशवी उसवून पसरलेली. त्याखाली एका शर्टाची पाठ. मग काही ठिकाणी नुसता भुगा, बोटाला लागला की विरणारा. आणि त्या सगळ्याच्या खाली, मला अजिबात अपेक्षा नसताना, आणखी एक वाकळ! पातळ, काळपट, तिचे स्वतःचे टाके असलेली, तिचा दोराही वेगळा. म्हणजे एक वाकळ जुनी झाली तेव्हा टाकून न देता तिच्यावरून दुसरी शिवली होती. त्या आतल्या वाकळीच्या कडेला तांबड्या रेशमाची एक पट्टी होती. सगळा रंग उडालेल्या त्या ढिगात ती पट्टी मात्र अजून लाल होती.

मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "तांबडं रेशीम? मग ती आमच्या आजीची इरकल. तो पदर असणार." म्हणजे माझ्या पणजीचं लुगडं. त्या बाईचा एकही फोटो घरात नाही. तिचं नाव सोडून मला तिच्याबद्दल काही माहीत नाही. आणि मी तीस-पस्तीस वर्षं तिचं लुगडं पांघरून झोपत होतो.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. थोडं वाचलं, थोडं विचारलं, थोडा हिशेब केला. ते इथे लिहून ठेवतो.

आपल्याकडे पांघरुणांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक भरलेलं, म्हणजे दुलई, रजई, लेप. त्यात पिंजलेला कापूस. त्यासाठी कापूस विकत घ्यायचा, पिंजाऱ्याला बोलवायचं, त्याला पैसे द्यायचे. दुसरं थरांचं, म्हणजे गोधडी किंवा वाकळ. हिच्यात भरण असं वेगळं नसतंच. जुनं कापड हेच वरचं, तेच आतलं आणि तेच खालचं. कापडाचे थर एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याने कडेपासून आत शिवत जायचं. टाका इतक्या जवळ घालायचा की आतलं कापड सरकता कामा नये, त्याचा गोळा होता कामा नये. ऊब येते ती कापडाच्या जाडीने नव्हे, थराथरांत अडकलेल्या हवेने. आणि वापरून वापरून, धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत नव्या कापडापेक्षा अंगाला चांगलं लागतं. म्हणून तर तान्ह्या बाळाच्या दुपट्याला आजीचं जुनं लुगडंच शोधतात.

आता गंमत बघा. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. ते लांबीला चार पदरी दुमडलं की पावणेसात फूट होतं. पन्हा साधारण पावणेचार-चार फूट. पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे एका माणसाचं पांघरूण, न कापता! चार पदरी पांघरुणाला चौघडी हा शब्द आपल्याकडे आहेच. दोन लुगडी घेतली की आठ थर झाले. पुढे पाचवारी आली आणि हे गणित बिघडलं. पाचवारी म्हणजे पंधरा फूट. ती दुमडून दोनच थर होतात, आणि उरलेल्या तुकड्याला जोड द्यावा लागतो. बायकांच्या नेसण्यात झालेला बदल असा वाकळीच्या पोटातही जाऊन बसला.

पण लुगडं वाकळीत येईपर्यंत त्याला बराच प्रवास असे. नवं लुगडं सणावाराचं. ते जुनं झालं की रोजचं. मधला भाग, बसायच्या ठिकाणी, आधी विरतो. मग तो कापून टाकायचा आणि धड राहिलेले दोन भाग जोडायचे, याला दंड घालणं म्हणत. काही वेळा दोन वेगळ्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक केलं जाई. दंडाचं लुगडं नेसून बाई चारचौघांत गेली की तिच्या घरची परिस्थिती सगळ्यांना कळत असे. दंडही विरला की त्यातून मुलींचे परकर, बाळाची दुपटी, कुंची. आणि मग वाकळ. वाकळीतूनही जे गळेल त्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं, आणि सर्वांत शेवटी चूल. म्हणजे वाकळ हे कापडाचं मरण नव्हे, म्हातारपण होतं.

इथे मला एक प्रश्न पडला. आपला मुलूख कापसाचा. वऱ्हाड-खानदेशात तर कापूस शेतात, कापूस अंगणात. मग तिथल्या शेतकऱ्याच्या घरीही गोधडी चिंध्यांची का? घरचा कापूस भरून दुलई का नाही?

उत्तर सोपं आहे, पण ते ध्यानात यायला मला वेळ लागला. तो कापूस घरचा नव्हताच, बाजाराचा होता. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या, पण कापूस बाहेर जायची वाट पडली ती पडलीच. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. शेतातून निघालेला कापूस गाडीवानाकडून अडत्याकडे, तिथून जिनिंगमध्ये, तिथून मुंबईच्या गोदीत. तो परत यायचा तो कापड होऊन, विकत घ्यायला. शेतसारा आणि सावकाराचं देणं कापसातून फेडायचं, तर तो पांघरुणात भरणं परवडणार कसं? कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर तो पांघरूण होऊन पडायचा तो असा, जगाचा फेरा करून, लुगडं-धोतर होऊन, फाटून, सगळ्यात शेवटी.

मुंबईत कावसजी दावरांनी 1854 साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये गिरणी सुरू झाली. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला. पुढे इचलकरंजीला 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला. हातमागाच्या जोडीला गिरणीचं कापड घराघरांत येऊ लागलं: मांजरपाट, धोतरजोड्या, पातळं. वाकळींच्या पोटात हे सगळं आहे. माझ्या वाकळीतलं ते मांजरपाट कुठल्या गिरणीचं होतं देव जाणे, शिक्का केव्हाच धुऊन गेलाय. पण त्या काळचं रोजच्या वापरातलं गिरणीचं कापड आज बघायचं म्हटलं तर कुठे बघणार? संग्रहालयात पैठणी असते, शालू असतो, सरदारांचे अंगरखे असतात. विरून गेलेलं रोजचं लुगडं कोण जपून ठेवणार? ते उरलं असेल तर वाकळीतच.

इथवर लिहून मला वाटलं, आपण फार छान छान लिहितोय. तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी.

थरांची वाकळ शिवायची तर थर हवेत. म्हणजे घरात जुनं होऊन बाजूला पडण्याइतकं कापड हवं. एकच लुगडं असलेल्या बाईने, जिला ते धुऊन अर्धं ओलं तसंच नेसावं लागे, तिने वाकळीत काय घालायचं? अशा घरांत वाकळ व्हायची ती दुसऱ्याच्या टाकलेल्या कपड्यांची. महारवतनाच्या तथाकथित हक्कांत तर प्रेतावरचं कापडही होतं. गावात मरण आलं की कापड मिळणार, आणि त्याला हक्क म्हणायचं! बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, या असल्या लाचारीच्या मिळकतीवर जगणं सोडा असं आपल्या लोकांना परोपरीने सांगितलं, त्यामागे हेही होतं. आपण ज्याला वारसा म्हणून कुरवाळतो, त्याच वस्तूचा थर दुसऱ्या कोणाच्या घरी अपमानाचा असू शकतो.

गाडगेबाबांची (1876–1956) आठवण इथे अपरिहार्य आहे. त्यांना गोधडेबाबा असंही म्हणत, कारण अंगावर ठिगळांचं, चिंध्यांचं वस्त्र. लोकांनी ज्याची लाज बाळगली ते त्यांनी उघड अंगावर घेतलं आणि त्याच वेशात हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. संन्याशाच्या चिंध्यांच्या वस्त्राला संस्कृतात कंथा म्हणतात. गरिबीचं आणि विरक्तीचं वस्त्र एकच.

ह्याच कंथेवरून बंगालच्या कांथाकडे वळायचा मोह आवरत नाही. बंगालमध्येही जुन्या साड्या आणि धोतरांचे थर, तोच धावदोरा. दोराही पुष्कळदा जुन्या साडीच्या काठातून उपसलेला. फरक इतकाच की तिकडे बायकांनी त्यावर हत्ती, पालख्या, कमळं, कधी आगगाडीसुद्धा भरली. गुरुसदय दत्त (1882–1941) हे सनदी अधिकारी. त्यांनी खेड्यापाड्यांतून कांथा गोळा केल्या आणि कोलकात्याजवळ जोका इथे त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. स्टेला क्रॅमरिश या कलाइतिहासकार बाईंनी जमवलेल्या कांथा अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहेत. हे उत्तमच झालं. पण जपलं गेलं ते वरच्या नक्षीसाठी. आमच्या वाकळीला नक्षी नाही. सरळ टाके, एकात एक चौकोन, मध्यापर्यंत. तिचं जे काही मोल आहे ते आत आहे, आणि आतलं बघायचं तर ती फाडावी लागते!

तर पुन्हा वाकळीकडे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची भयंकर टंचाई झाली. 1943 साली सरकारने कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. "कंट्रोलचं कापड" हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षं होता. आजीचं लग्न साधारण त्याच सुमारासचं. आत्याचा तर्क असा की आतली वाकळ न टाकता तिच्यावरच दुसरी चढवली ती त्या सवयीतून. टंचाई संपली तरी टंचाईत लागलेला हात सुटत नाही.

मग ही वाकळ थांबली कधी? मी समजत होतो की ब्लँकेट आलं आणि वाकळ गेली. पण त्याच्या आधी एक पाहुणी येऊन गेली होती, बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दुपारी दारात येणारी. साठ-सत्तरच्या दशकात घराघरांत स्टेनलेस स्टीलची हौस शिरली. चार जुनी पातळं आणि दोन पँटी दिल्या की एक डबा. जुन्या लुगड्याला पहिल्यांदाच वाकळीशिवाय दुसरं गिऱ्हाईक मिळालं. आमच्या घरातल्या फडताळात अजून एक डब्यांची उतरंड आहे. एक एक डबा म्हणजे न शिवलेली अर्धी वाकळ म्हणायला हरकत नाही.

दुसरा धक्का पॉलिएस्टरचा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ गिरण्या त्यातून उठल्याच नाहीत. 1985 च्या कापडधोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी केली. साडी धुवायला सोपी, वाळायला सोपी, इस्त्री नको, वर्षानुवर्षं फाटत नाही. बायकांना ती आवडली, आणि का आवडू नये? पण वाकळीच्या कामाची नाही. सूत हवेतली ओल स्वतःत साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घाम तसाच राहतो, अंग चिकचिकतं. थर एकमेकांवर घसरतात. आणि मुख्य म्हणजे ते विरतच नाही. माझ्या वाकळीत आतल्या सुताचा भुगा झाला होता आणि वरची नारिंगी फुलं काल छापल्यासारखी होती.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आत्याला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला तिचं कौतुक आहे, मला नाही. आई दिवसा रानात असायची. वाकळ शिवायची ती रात्री, कंदिलापुढं. मी सुईत दोरा ओवून द्यायची, कारण तिला दिसायचं नाही. नवरात्राआधी दसरा काढायचा तेव्हा त्या सगळ्या वाकळा नदीवर न्यायच्या. ओली वाकळ कधी उचललीयेस का? पायानं तुडवायची, दोघींनी दोन टोकांनी पिळायची, आणि घरी येईपर्यंत कंबर राहायची नाही. माझ्या लग्नात नवी गादी आणि सोलापुरी चादर दिली, तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

मी गप्प बसलो. माझ्या हिशेबात सगळं होतं. वार होते, फूट होते, साल होतं. आजीच्या रात्री नव्हत्या.

आणि त्या धरल्या की गणित एकदम सुटतं. जोवर कापड महाग होतं आणि बाईच्या वेळेला किंमत नव्हती, तोवर वाकळ होती. कापड स्वस्त झालं, बाई पगारावर कामाला जाऊ लागली, तिच्या दुपारीला दाम आला, आणि वाकळ थांबली. यात कोणी परंपरा मोडली, कोणी संस्कृती विसरलं असं काही नाही. आता शहरांतल्या प्रदर्शनांत हातशिलाईच्या गोधड्या मिळतात. त्यांची किंमत ऐकून लोक दचकतात. मला आता वाटतं की ती किंमत पहिल्यांदाच खरी सांगितली जातेय. फक्त त्यांतल्या पुष्कळ गोधड्या नव्या कोऱ्या कापडाच्या असतात. शिलाई तीच, पण पोटात कोणी नाही.

असो. राहता राहिला प्रश्न माझ्या वाकळीचा. माझ्या मनात होतं की ती नीट घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवावी. इरकलीची ती तांबडी पट्टी तरी कापून चौकटीत लावावी. आत्याला विचारलं तर म्हणाली, "भिंतीला कशाला लावतोस? आईनं लावली होती का भिंतीला? तिनं काय केलं तेच कर."

गावाकडे एक मावशी अजून वाकळा शिवून देतात, मजुरी घेऊन. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी अंगणात पसरली, हाताने चाचपली, नारिंगी पॉलिएस्टर उसवून बाजूला काढलं. म्हणाल्या, "यात सुई धरत न्हाई. बाकीचं ऱ्हाऊ द्या, आत घालते. वरनं काय आणलंय?"

आईची एक सुती साडी नेली होती, हिरवी, विरलेली. पाचवारी, त्यामुळे कमी पडणार हे मला माहीत होतं. मावशींनी वितीने मोजली आणि म्हणाल्या, "एका अंगाला पुरंल. दुसऱ्या अंगाला तुमचं काय जुनं सुती असंल तर द्या."

पुढच्या खेपेला माझे दोन सदरे घेऊन जाणार आहे.